क्षयरोगाचे संशोधन आणि आपली वस्ती
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला आरोग्यावर बोला असे सांगितले. मी काही डॉक्टर नाही. गिरणीच्या कार्डिंग खात्यात ज्याची उमर गेली असा मी कामगार. पण टी.बी. हा रोग आपल्या चाळीत इतका घरचा होऊन बसला आहे की त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि जे डोक्यात शिरले नाही ते ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो. हल्ली आपल्या दारावर महापालिकेची माणसे, मेडिकल कॉलेजची मुले वह्या घेऊन येतात. खोकला आहे का, वजन किती, घरात माणसे किती, असे विचारतात. कुणी दार लावून घेतो, कुणी नाव खोटे सांगतो. म्हणून म्हटले, आज ह्या संशोधनाबद्दलच बोलावे. ते कुणाच्या अंगावर झाले, त्यातून काय निघाले, आणि जे निघाले ते आपल्या दारापर्यंत का आले नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. हा रोग करणी नाही, मागच्या जन्मीचे काही नाही, खानदानी तर मुळीच नाही. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख ह्यांनी ह्या रोगाचा जंतू दाखवला. रोगी खोकतो, तो जंतू हवेत तरंगतो, तीच हवा दुसरा आत घेतो. ताटवाटी वेगळी काढून काही होत नाही. सून आजारी पडली की तिचा पेला वेगळा आणि खिडकी मात्र बंद, हे आपल्याकडे सर्रास चालते. व्हायला पाहिजे नेमके उलटे.

आता मद्रासची गोष्ट. त्या काळी टी.बी. झाला की सॅनेटोरियममध्ये पाठवायचे, मोकळी हवा, दूध-अंडी, महिनोन्‌महिने विश्रांती. देशात रोगी लाखांनी आणि खाटा हजारांनी. गरिबाला खाट मिळायची नाही, आणि मिळाली तर मागे घर उपाशी. 1956 साली मद्रासला एक केंद्र निघाले. आपली वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि इंग्लंडची वैद्यकीय परिषद असे चौघे त्यात होते. वॉलेस फॉक्स नावाचे डॉक्टर प्रमुख. त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांतले 193 रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट सॅनेटोरियमला, दुसरा आपापल्या खोलीत. औषध दोघांना तेच, आयसोनियाझिड आणि पास, एक वर्ष. चिठ्ठ्या कशासाठी? तर साहेबाच्या ओळखीचा चांगल्या गटात गेला असे होऊ नये, आणि दोन्ही गट सारखे राहावेत म्हणून.

वर्ष संपले तेव्हा सॅनेटोरियममधले 100 पैकी 92 रोगजंतूमुक्त झाले होते आणि घरचे 86. बघा, घरचे लोक दाटीत राहिले, अन्न कमी, काम जास्त, तरी फरक एवढाच. त्यांच्या घरातल्या माणसांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले, त्यांनाही सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. धोका असतो तो औषध सुरू होण्याच्या आधी. साऱ्या जगाने हे मान्य केले आणि सॅनेटोरियमे बंद होऊ लागली. मद्रासच्या झोपडीतल्या माणसांनी दिलेले हे ज्ञान आहे, पण पुस्तकात त्यांचे नाव नाही, फक्त आकडा आहे.

दुसरे संशोधन मला त्याहून जवळचे वाटते. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन ह्यांनी केलेले, 1963 साली छापून आले. तेव्हाही मोठ्या लोकांचे म्हणणे असे की गरीब अडाणी आहे, दवाखान्यात येत नाही. ह्यांनी एक्स-रेत ज्यांना टी.बी. सापडला त्यांच्याशी बसून बोलणे केले. जवळजवळ सगळ्यांना आपल्याला काहीतरी त्रास आहे हे ठाऊक होते. बहुतेकांना काळजीही होती. आणि साधारण निम्मे लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते! तिथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. बेडका तपासायचे कुणाच्या मनात आले नाही. म्हणजे अडाणी कोण, हे तुम्हीच ठरवा.

ही बाटली अजून संपलेली नाही. 1991 साली मुंबईत धारावीतल्या 100 खाजगी डॉक्टरांना टी.बी.चे औषध लिहायला सांगितले तर त्यांनी 80 तऱ्हा लिहून दिल्या. वीस वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न 106 डॉक्टरांना विचारला, तर 63 तऱ्हा निघाल्या आणि त्यातल्या बरोबर फक्त सहा जणांच्या. चुकीचे औषध, अर्धवट औषध, मग जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो. 2012 च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे रोगी जगापुढे मांडले की ज्यांच्यावर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. सरकारने शब्दावर वाद घातला, पण रोगी खरे होते.

इथे माझ्या खात्याबद्दल एक सांगतो. कापसाच्या धुळीनेही छाती भरते, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते ही त्याची खूण. तो लागट नाही. पण गिरणीतल्या माणसाचा खोकला म्हणजे धूळच, असे धरून बसलेले आमच्यात पुष्कळ होते, आणि खोकला म्हणजे टी.बी.च असे धरणारेही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला की बेडका तपासणे आणि छातीचा फोटो काढणे, ह्याशिवाय कुणी काही ठरवू नये. 2019 ते 2021 मध्ये देशभर जी पाहणी झाली तिच्यात फोटो काढला नसता तर 100 पैकी 42 रोगी सुटले असते. कित्येकांना खोकलाच नव्हता.

आता अन्नाची गोष्ट. मातांनो, ही तुमच्यासाठी. जंतू पुष्कळांच्या अंगात झोपलेला असतो, शरीर खंगले की उठतो. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 ह्या काळात डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव ह्यांनी एक मोठा अभ्यास केला. रोगी 2800, त्यांच्या घरातली माणसे दहा हजारांवर. बरेचसे आदिवासी, हाडाची काडे झालेले. प्रत्येक रोग्याला सहा महिने शिधा दिला. घरच्यांचे मात्र दोन गट केले. एका गटात मोठ्या माणसाला महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दुसऱ्या गटातल्यांना शिधा नाही. ज्या घरांना शिधा मिळाला तिथे नवीन टी.बी. 39 टक्क्यांनी कमी झाला. लागट प्रकारचा तर जवळपास निम्म्यावर आला. आणि ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत थोडेसे वाढले त्यांच्यात मरण फार कमी.

मनात प्रश्न येतो की दुसऱ्या गटाला उपाशी का ठेवले. मलाही आला. उत्तर असे की तो शिधा सरकार तेव्हा कुणाच्याच घरच्यांना देत नव्हते, आणि पुरावा नसता तर पुढेही दिला नसता. उत्तर पटते, पण पुरते समाधान होत नाही. गरिबाला डाळभात मिळाला तर तो कमी आजारी पडतो, हे सिद्ध करायला 2023 साल उजाडावे लागले! आपल्या घरात बाई शेवटी जेवते, पातेल्यात उरेल ते. ज्या घरात टी.बी.चा रोगी आहे त्या घरात तरी ही रीत बंद करा. तिच्या वजनावर सगळ्या घराची तब्येत टांगलेली आहे.

घराचेही तसेच. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींची 2018 च्या सुमारास पाहणी झाली. इमारती जितक्या खेटून, खोलीत ऊन-वारा जितका कमी, तितका टी.बी. जास्त. झोपडी पाडून सिमेंटचे खुराडे दिले तर रोग पत्ता बदलतो इतकेच. आपल्या चाळीचा पुनर्विकास येऊ घातला आहे, तेव्हा चटईक्षेत्राबरोबर दोन इमारतींमध्ये अंतर किती, हेही बिल्डरला विचारा.

औषधांत मात्र चांगली बातमी आहे. पूर्वी बिघडलेल्या टी.बी.ला दीड-दोन वर्षे औषध आणि वर सुया. त्या सुयांनी मुंबईच्या नंदिता वेंकटेशन ह्यांचे ऐकणे गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिले ह्यांचेही तेच झाले. ह्या दोघींनी 2019 साली बेडाक्विलिन ह्या नव्या औषधाची मक्तेदारी वाढू नये म्हणून भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली, आणि मार्च 2023 मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने सहा महिन्यांची, बिनसुईची औषधयोजना मंजूर केली, तिच्यात हेच औषध आहे. रोगी म्हणजे नुसता आकडा नव्हे, तो भांडूही शकतो.

तर दारावर वही घेऊन कुणी आला तर दार उघडा, पण विचारा. अभ्यास कुणाचा? आमचा बेडका, आमचे रक्त कशाला वापरणार? रोग निघाला तर उपचार कोण करणार? नाही म्हटले तर दवाखान्यातली सेवा बंद होईल का? ती होता कामा नये, हा नियम आहे, आणि मध्येच बाहेर पडायचाही हक्क आहे. कागद मराठीत मागा, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आणि काय निघाले ते आम्हाला इथे विहारात येऊन सांगा, असे ठणकावून सांगा. हे शेवटचे कोणी सहसा करत नाही.

एक राहिले. टी.बी.च्या रोग्याला पोषणासाठी 2018 पासून महिना 500 रुपये सुरू झाले, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. खाजगी डॉक्टरकडे औषध चालू असेल तरी नोंद झाल्यावर मिळतात. वस्तीत कुणाला टी.बी. आहे ह्याची यादी कुणीही करू नये, मंडळानेही नाही. मुलीचे लग्न मोडते, भाड्याची खोली जाते, हे सगळे आपण पाहिले आहे. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी स्वतः यावे. दर रविवारी वंदनेनंतर दहा ते बारा मी आणि दोन तरुण कार्यकर्ते मागच्या खोलीत बसतो. येताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि औषधाचे कार्ड आणा. खोलीचे दार आतून लावून घेतो.