चकतीपुढे टेकलेला गुडघा

१९६४च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईत आले, हे तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. ओव्हल मैदानावरची गर्दीही आठवत असेल. निमित्त होते आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेचे. मिस्सा या उपासनेत वाटल्या जाणाऱ्या गव्हाच्या पातळ चकतीपुढे कॅथलिक गुडघा टेकतात; तिच्या सन्मानासाठी ही परिषद भरते.

पिठाच्या चकतीसाठी एवढे? प्रश्न उद्धट नाही. आपल्याला लगेच प्राणप्रतिष्ठा आठवते, पण ती तुलना थोडेच अंतर साथ देते. मूर्तीत देव आला तरी दगड दगडच राहतो. कॅथलिक श्रद्धा सांगते की, धर्मगुरूने येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारले की भाकर उरतच नाही, तिथे ख्रिस्तच असतो. रंग, चव, वजन तेवढे तसेच राहते. द्रव्य बदलले, गुण राहिले! द्रव्यावाचून गुण राहतील कसे, असे आपले वैशेषिक दर्शनकार विचारतील. ॲरिस्टॉटलनेही तेच विचारले असते. त्याचीच परिभाषा वापरणाऱ्या थॉमस अक्विनासला इथे ईश्वरी सामर्थ्याचा आधार घ्यावा लागला. त्याने तो उघडपणे घेतला, हे मला आवडते.

एकदा हे मानले की पुढचे सारे ओघाने येते. उरलेल्या चकत्या बंद पेटीत ठेवायच्या, जवळ दिवा तेवत ठेवायचा. एखादी खाली पडून मळली तर पाण्यात विरघळू द्यायची; भाकरीचे रूप संपले की ख्रिस्ताची उपस्थितीही संपली.

हे सहज ठरले नाही. अकराव्या शतकात तूरच्या बेरेंगारने शंका काढली, तेव्हा रोमने त्याच्याकडून १०५९ आणि १०७९ साली शपथा घेतल्या. पुढे धर्मगुरू चकती उंच धरू लागले आणि लोक दर्शनालाच धावू लागले. लीएजच्या ज्युलियाना या संन्यासिनीच्या आग्रहातून तिथे १२४६ साली या चकतीच्या स्वतंत्र सणाला मान्यता मिळाली. १२६४ साली पोप अर्बन चौथे यांनी तो सर्व चर्चला लावून दिला. गंमत अशी की, पाहणारे वाढले तरी खाणारे कमीच होते. १२१५ सालीच लॅटेरन परिषदेला सांगावे लागले होते की, निदान ईस्टरच्या सुमारास वर्षातून एकदा तरी कम्युनियन घ्या, म्हणजे ही चकती खा!

पुढे प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली यांनी भाकर बदलण्याच्या शिकवणीवर हल्ला चढवला, झ्विंग्लीने तर पूजेवरही. त्यांचेही आपसात जमले नाही, तो भाग वेगळा. १५५१ साली ट्रेंट परिषदेने उत्तर दिले: ही चकती खाण्यासाठीच दिलेली आहे, पण म्हणून तिची पूजा कमी ठरत नाही, ईश्वराची करायची तीच पूजा तिची करावी. मुख्य हेतू खाण्याचाच, याची आठवण १९०५ साली पोप पायस दहावे यांनी पुन्हा करून दिली आणि वारंवार, शक्य तर रोज, कम्युनियन घेण्याचे आवाहन केले.

तेव्हा वाद घालायचाच असेल तर भाकर बदलते की नाही, यावर घालावा. ती बदलते असे मानणाऱ्याने गुडघा टेकला नसता, तर तोच खरा विसंगत ठरला असता.