तेरवीनंतरचे दुःख



देवळी हा कापसाचा तालुका. येथे कोणाच्या घरी मृत्यू घडला, तर शेजारपाजार धावून येतो. पहिले काही दिवस त्या घराला जेवणाची चिंता पडू दिली जात नाही. सांत्वनाची ही जुनी व समर्थ रीत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ती तेरवीपर्यंत पुरते. पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि दुःख खऱ्या अर्थाने तेव्हा घरात मुक्कामाला येते.

ज्या घरातील शेतकऱ्याने आत्महत्या केली, तेथे हा मुक्काम अधिक कठीण असतो. केंद्र शासनाने २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पुनर्वसन योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. अशा मृत्यूनंतर पंचनामा होतो, तलाठ्याचा अहवाल जातो, कर्जाचे कागद मागितले जातात. मृताच्या पत्नीला तीच हकीकत पुनःपुन्हा सांगावी लागते. शेवटी प्रकरण ‘पात्र’ ठरते किंवा ‘अपात्र’. हे शब्द फाइलीपुरते असतात, परंतु त्या माउलीला ते आपल्या माणसावरील निकालासारखे ऐकू येतात. या सर्व चौकशीत तिला झोप लागते काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही नमुन्यात नसतो.

तो विचारण्याचे काम समुपदेशकाचे. ‘त्या दिवशी घरी थांबले असते तर,’ हा अपराधभाव तो बोलू देतो, उपदेश न करता ऐकतो, मुलांना खरे कसे सांगावे ते सुचवितो. याच वर्ध्यात ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालाल बजाज यांचे आकस्मिक निधन झाले, तेव्हा गांधीजींनी जानकीदेवींना धीर देऊन पतीच्या गोसेवेच्या कार्यात गुंतविले. प्रत्येक घराला गांधीजी कोठून लाभणार? म्हणून प्रशिक्षित माणसाची गरज.

शोक हा आजार नव्हे. बहुतेकांचा तो काळाबरोबर सौम्य होतो. परंतु सहा महिने उलटूनही तो तितकाच तीव्र राहिला व नित्याचे व्यवहार थांबले, तर जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले वर्गीकरण त्यास उपचारयोग्य अवस्था मानते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर मात्र एक दिवसही वाट पाहू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्वरित दवाखान्यात न्यावे.

‘वेड्यांच्या डॉक्टरकडे गेली’ असे गाव म्हणेल, ही भीती खरी आहे. ती हसून उडवू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाची माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे, हे तिला समजावून सांगावे. जिल्हा सामान्य रुग्णालय वर्ध्यास आहे, कस्तुरबा रुग्णालय सेवाग्रामला आहे. जाणे जमत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.

शासनाने २०१५-१६ मध्ये हाती घेतलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात खचलेल्या शेतकऱ्यांचा शोध घेण्याचे काम आशा स्वयंसेविकांवर सोपविले होते. येथे उपस्थित असलेल्या आशाताईंनी मृत्यू घडलेल्या घरी तेरवीस अवश्य जावे. परंतु दुसऱ्या आणि चौथ्या महिन्यातही जावे, कागद न घेता, आणि थोडा वेळ बसावे.