गायरानावरची पंधरा मिनिटं

बचत गटाच्या ताई रेडिओवर बोलणार म्हटलं की हप्ता, व्याज आणि बँकेचं कर्ज, एवढंच ऐकायला मिळणार असं तुम्हाला वाटलं असेल. आज तसलं काही नाही. आज पाखरं मोजण्याबद्दल बोलायचं आहे. हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं.

झालं असं, की ज्वारी भरात होती आणि गटाच्या बैठकीला निम्म्या बाया उशिरा येत होत्या, कारण रानात पाखरांची राखण. अशा दिवसांत शाळेतल्या मॅडम बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "फेब्रुवारीत चार दिवस देशभर लोक पक्षी मोजतात. तुमचा गट मोजेल का?" आमच्या एक मावशी लगेच म्हणाल्या, "मॅडम, आम्ही पाखरं हाकलतो. दिवसभर हातात गोफण. मोजत बसलो तर कणसं त्यांचीच."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी मोबाइलवर एक नकाशा दाखवला. ज्या भागातून पक्ष्यांच्या जितक्या याद्या आल्या, तितका त्याचा रंग गडद. पुण्या-मुंबईकडं गडद, खाली केरळ तर सगळंच गडद. आमचा जिल्हा फिकट आणि आमच्या गावाभोवती तर नुसतं कोरं. मावशींनी चष्मा सरकवून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे आमच्याकडं पाखरंच नाहीत असं समजतात का काय?"

मॅडम म्हणाल्या, "तसं समजत नाहीत. पण आहेत हे त्यांना माहीतही नाही."

हे मात्र आम्हाला लागलं. ज्या पाखरांनी आमचा शाळू खाल्ला, ती नकाशात नाहीतच? बैठकीच्या इतिवृत्तात त्या दिवशी एक ठराव जास्तीचा लिहिला गेला.

आता ही मोजणी करतं कोण, ते सांगतो. कुणाला पगार नाही, मानधन नाही. हौशी माणसं. ही रीत जुनी आहे. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या सुट्टीत लोक दोन गट पाडून शिकारीला जायचे आणि ज्याच्याकडं मेलेली पाखरं जास्त तो गट जिंकला, असा खेळ होता. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञानं सुचवलं, की मारण्याऐवजी मोजा. पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती नाताळची मोजणी आजही चालू आहे. पुढं १९९८ साली तिथंच फेब्रुवारीतली घराजवळची मोजणी निघाली. चार दिवस, जिथं असाल तिथं. आपला जिल्हा तशी त्यांच्याकडं काउंटी असते. आपल्या काउंटीत किती जाती नोंदल्या, शेजारच्या काउंटीत किती, कुठली काउंटी अजून मागं आहे, हे तिथले हौशी लोक मिळून बघत असतात. २०१३ पासून भारतातले लोकही या फेब्रुवारीच्या मोजणीत उतरले. आपल्याकडं ७०० हून जास्त जिल्हे आहेत आणि ई-बर्ड नावाच्या मोबाइल ॲपवर प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं खातं आहे. खातं म्हटलं की आपल्याला लगेच कळतं.

नियम फार नाहीत. एका जागी उभं राहून किंवा चालत निदान पंधरा मिनिटं बघायचं. जे पाखरू ओळखू आलं, ते सगळं लिहायचं, किती होती तेही लिहायचं. कावळा रोजचाच म्हणून वगळायचा नाही. ओळखू आलं नाही तर अंदाजानं नाव ठोकून द्यायचं नाही.

"सगळं लिहायचं" यावर मॅडमनी फार जोर दिला. का, ते आम्हाला आमच्या हजेरीपटावरून समजलं. समजा एखादी बाई चार महिने बैठकीला आली नाही. ते कळतं कशावरून? प्रत्येक बैठकीची हजेरी पूर्ण लिहिलेली असते म्हणून. मनाला येईल तेव्हा दोन-चार नावं टिपली असती, तर ती आली नाही की लिहायची राहिली, काय सांगणार? पाखरांचं तसंच. जिल्ह्यातून शंभर याद्या आल्या आणि त्यातल्या साठ याद्यांत चिमणी आहे. काही वर्षांनी पुन्हा शंभर याद्या आल्या आणि चिमणी तीस याद्यांतच आहे, तर काहीतरी बिघडलं. म्हणजे ज्या यादीत चिमणी नाही, ती यादीही कामाचीच. यादी मात्र पूर्ण आणि खरी पाहिजे.

आणि इथंच आमचं पहिल्या वर्षी भांडण झालं. पहिल्या सकाळी आम्ही पाझर तलावाच्या भरावावर सहा जणी गेलो. वही आक्कांकडं. टिटवी, गायबगळा, खंड्या, वेडा राघू, धोबी असं लिहिता लिहिता आक्कांनी मोर लिहिला. कुणी विचारलं, "आक्का, मोर कुठाय?" आक्का म्हणाल्या, "अगं, इथं रोज असतो की. आज नसला म्हणून काय झालं?" दुसरी म्हणाली, "खोडा." आक्का म्हणाल्या, "नाही खोडत. मी काय खोटं बोलते?" आक्का खोटं बोलत नव्हत्या, हे आम्हालाही माहीत होतं. मोर तिथं असतोच. शेवटी एका सुनेनं विचारलं, "आक्का, हप्ता रोजच्यासारखा येईलच म्हणून आपण न आलेला हप्ता जमा धरतो का?" आक्का गटाच्या जुन्या सचिव. गप्प बसून त्यांनी रेघ मारली. घरी जाताना वाटेत मोर दिसला, तेव्हा मात्र सगळ्यांना थांबवून त्यांनी तो नव्या पानावर घेतला आणि पंधरा मिनिटं होईपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. भाकरी कुणाची थांबली आणि म्हैस कुणाची, ते आम्हीच जाणे.

भोरड्यांचं आणखी वेगळं. शाळवावर भोरड्यांचा थवा उतरला की आभाळ हलतं. मोजणार कसे? मॅडम म्हणाल्या, आधी दहा पाखरं मोजा, दहांचा गठ्ठा डोळ्यांत भरला की तसे किती गठ्ठे आहेत ते बघा. मावशी म्हणाल्या, "मग असं म्हणा की, पाचुंद्यानं मोजायचं." कडब्याच्या पेंढ्या आपण पाचुंद्यानं मोजतो, तशा त्यांनी भोरड्या मोजल्या. दुसरीनं वेगळ्या बाजूनं मोजल्या. दोघींच्या आकड्यात फारसा फरक नव्हता. आणि हेही त्याच दिवशी कळलं, की या भोरड्या इथल्या नव्हेतच. त्या उन्हाळ्यात मध्य आशियाकडं जातात, तिथं अंडी घालतात आणि टोळ, नाकतोडे खाऊन राहतात. आमचा शाळू ही त्यांची हिवाळ्याची शिदोरी. मावशींनी गोफण काही सोडली नाही. मोजून झाल्यावर त्यांनी ती जोरात फिरवली.

नावांचा घोटाळा खूप झाला. एकाच पाखराला एका आळीत एक नाव, दुसरीत दुसरं. म्हाताऱ्या बायांना नावं जास्त माहीत, पण त्यांना दूरचं दिसत नाही. सुनांना दिसतं, पण नावं माहीत नाहीत. म्हणून जोड्या लावल्या. सून वर्णन करते, सासू नाव सांगते, मॅडम पुस्तकात ताडून बघतात. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा करून 'पक्षिकोश' केला, तो मॅडमकडं आहे. रानातल्या माणसाचा शब्द पुस्तकात जातो, हे आमच्या म्हाताऱ्यांना फार आवडलं.

दुसऱ्या वर्षी चूक आमच्या सगळ्यांचीच झाली. तोवर शेजारच्या तालुक्यातले दोन गट मोजायला लागले होते आणि कुणाच्या जाती जास्त, अशी ईर्षा सुरू झाली. जाती जास्त कुठं मिळतात? पाण्यावर. म्हणून चारही दिवस सगळ्या जणी तलावावर. आकडा छान आला. मॅडमनी पुन्हा नकाशा उघडला. तलावाच्या जागी ठळक ठिपका आणि भोवतीची सगळी गावं पहिल्यासारखीच कोरी. जिथं पुष्कळ आहे तिथंच पुन्हा पुन्हा मोजलं, तर जिल्ह्याचं खातं भरत नाही.

मॅडमनी तेव्हा केरळची गोष्ट सांगितली. तिथल्या हजाराहून जास्त हौशी लोकांनी २०१५ ते २०२० या काळात सगळ्या राज्याचा पक्षी-नकाशा केला. राज्याचे चौकोन पाडले, त्यांतले कुठले मोजायचे ते चिठ्ठी टाकावी तसे ठरवले आणि तुमच्या वाट्याला जो चौकोन येईल, तिथं जायचं. वस्ती आली, रबराचा मळा आला, जंगल आलं, तरी तिथंच. उन्हाळ्याकडं एकदा, पावसाळ्यात एकदा. ३ लाखांच्या आसपास नोंदी जमल्या, ३६१ जाती मिळाल्या. आवडीच्या जागी गेले असते, तर हे झालंच नसतं.

मग आम्हीही गावं वाटून घेतली. चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या गटाच्या चिठ्ठीत गायरान निघालं आणि सगळ्यांची तोंडं पडली. गायरानावर काय असणार? खडक, कुसळी गवत, शेरडं.

पंधरा मिनिटांत चौदा जाती. चंडोल, माळटिटवी, तित्तर, कोतवाल, होला. तारेवर नीलपंख. आणि घारीसारखा पण अंगानं बारीक, गवताला घासून उडणारा एक पक्षी, ज्याला आम्ही इतकी वर्षं घारच समजत होतो. मॅडमनी सांगितलं, हा भोवत्या. हिवाळ्यात मध्य आशियातून येतो, गवतातले नाकतोडे खातो आणि रात्री झाडावर नाही, उघड्या गवतात जमिनीवर झोपतो. शेरडं वळणारी आमची आजी म्हणाली, "मग सांजच्याला खाली बसताना मी बघते तो हाच. मला वाटायचं, दुखावला असंल."

आता आमच्या कामाची गोष्ट. अशा सगळ्या याद्या एकत्र करून २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ३०,००० हून जास्त हौशी माणसांच्या ३ कोटींच्या वर नोंदी त्यात आहेत, ९४२ जातींचा विचार आहे. ज्या ३३८ जातींचा जुन्या काळापासूनचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्यात. मोर वाढलाय, आक्का खूश आहेत. चिमणी मोठ्या शहरांत घटली, पण देशभराचं बघितलं तर टिकून आहे, असं २०२० च्या अहवालानं सांगितलं होतं. नीलपंख घटतोय. आणि उघड्या माळावर, गवतावर राहणारी पाखरं फार घटलीत.

उघडा माळ म्हणजे आमचं गायरान. ते कागदोपत्री 'पडीक' आहे. पडीक म्हणजे रिकामं आणि रिकामं म्हणजे कुणालाही देता येतं. कधी तिथं झाडं लावून जंगल करायचं बोलणं निघतं, कधी आणखी काही बांधायचं. झाडं लावणं वाईट, असं कोण म्हणेल? पण माळटिटवी झाडाखाली अंडी घालत नाही, उघड्या खड्यांत घालते आणि आमची शेरडंही उघड्या गवतावर जगतात. गेल्या ग्रामसभेत आम्ही एवढंच म्हटलं, की ठराव करण्याआधी ही वही वाचा. तीन हिवाळ्यांच्या तारखा, वेळ, किती मिनिटं, कोण होतं, काय दिसलं आणि काय दिसलं नाही. एक जण हसून म्हणाले, "बायकांनी चिमण्या मोजल्या." आक्का उठून म्हणाल्या, "चिमणी त्यात नाही. दिसली नाही, म्हणून लिहिली नाही. वाचा तर खरं." वही पुढच्या ग्रामसभेत वाचायची, असं ठरलंय. ती कधी लागते, त्याच्याकडं आमचं लक्ष आहे.

तुमच्या गटाला यायचं असेल, तर फेब्रुवारीपर्यंत थांबायची गरज नाही. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अलींचा. त्या आठवड्यात सराव होतो, हिवाळी पाहुणेही यायला लागलेले असतात. एक वही, एक घड्याळ आणि गटात कुणाकडं तरी साधा स्मार्टफोन असला तरी पुरे. दुर्बीण आमच्याकडं अजून नाही. गावाच्या चिठ्ठ्या मात्र आधी टाका, म्हणजे सगळ्या तलावावर पळणार नाहीत. आमच्या तालुक्यात अजून अकरा गावं कोरी आहेत. त्यातल्या दोन गावांत आमच्या गटातल्या लेकी दिल्यात, त्यांना निरोप गेलेत. बाकीच्या नऊ गावांतल्या कुणी हे ऐकत असाल, तर पुढच्या बुधवारच्या बैठकीला या. वही आम्ही आखून देऊ.