पाणी तपासलं, आता नीट लिहूया



जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलं गेलं. किटची पेटी आली, बाटल्या आल्या, रंगाचं कार्ड आलं. तपासणी आपल्या हाताला बसलीय. अडतं ते लिहिताना. गटांच्या भेटीला गेले की मी नोंदवही मागून बघते. बऱ्याच वह्यांत एवढंच असतं : ‘विहिरीचे पाणी तपासले. पाणी खराब आहे.’

आता ही ओळ ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वाचली असं समजा. विहीर कुठली? खराब म्हणजे गढूळ, खारट, की जंतूंचं? नमुना कधीचा? ते कागद फाईलला लावतात. त्यांना तरी काय बोलायचं, त्या ओळीवरून करायचं काय हेच कळत नाही.

आणि ‘खराब’ हा शब्द फसवा आहे बरं का. एच-टू-एसची बाटली काळी झाली तर पाण्यात जंतू असल्याची खूण. असं पाणी खळखळून उकळलं की पिता येतं. पण नायट्रेट जास्त असेल तर उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात वरची दूध पावडर कालवून तान्ह्या बाळाला पाजली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते, अंग निळसर पडतं. आपण नुसतं ‘खराब’ लिहिलं, तर बाळाची आई बिचारी पाणी उकळून उकळून पाजणार!

म्हणून असं लिहा : ‘मराठी शाळेमागचा हातपंप. ८ जुलै, सकाळी ७ वाजता नमुना घेतला. नायट्रेटचा रंग कार्डावरच्या १०० च्या चौकटीशी जुळला, मर्यादा ४५. पंपाशेजारी उकिरडा आहे. नायट्रेट त्यातून उतरत असावं असं आम्हाला वाटतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तोवर पिण्यासाठी दुसऱ्या पाण्याची सोय करावी.’

यात डोळ्यांनी पाहिलेलं आणि आपल्याला वाटलेलं वेगळं ठेवलंय, ते बघा. रंग जुळला हे पाहिलं, उकिरड्याचं आपण अंदाजाने म्हणतो. दोन्हींची सरमिसळ झाली की उद्या उकिरड्याच्या मालकाशी भांडण लागतं आणि पाणी बाजूला राहतं.

‘सदर स्रोताचे पाणी दूषित असल्याचे निदर्शनास आले’ असल्या भाषेच्या नादी लागू नका. मी बी.ए. झालेय, तरी मला ती वाचवत नाही. आपण बोलतो तसं लिहा, फक्त जागा, तारीख, वेळ आणि आकडा सोडू नका. आकड्यापुढे ‘मिलिग्रॅम’ही लिहा. अक्षर वाकडं असलं तरी चालेल.

लिहून झालं की तपासणीला नसलेल्या एखाद्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा. ‘कुठला गं पंप?’ असं तिने विचारलं, तर तेवढं पुन्हा लिहा. मग दोन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेची पोच घेऊन ती वहीत चिकटवा. पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर ग्रामसभेत तीच पोच काढून वाचायची. आणि बाळ असलेल्या घरी मात्र त्याच दिवशी जाऊन सांगायचं, तिथे कागदाची वाट बघायची नाही.