खणाचा कोपरा



आपल्या घरी एखादे जुने सागवानी मेज असेल, तर त्याचा खण पूर्ण बाहेर काढून दर्शनी फळी व बाजूची फळी जेथे मिळतात तो कोपरा एकदा अवश्य पाहावा. बहुधा तेथे खिळा आढळणार नाही. बाजूच्या फळीला टोकाकडे पसरत गेलेल्या शेपट्या आणि दर्शनी फळीला त्यांच्यामध्ये नेमक्या बसणाऱ्या खुंट्या, अशी दोन लाकडांची गुंफण दिसेल. कबुतराच्या शेपटीवरून इंग्रजीत या सांध्यास डव्हटेल हे नाव पडले. सांधा फार जुना. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील लाकडी सामानातही तो सापडतो. आपल्या मुंबईत १८९१ साली जे. जे. कलाशाळेला जोडून लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या, त्यांत लाकूडकामालाही स्थान होते.

खण आपण रोज पुढे ओढतो. त्या ओढीने खिळा हळूहळू सैल होतो. शेपटीचे तसे नाही. ती मुळाशी अरुंद व टोकाशी रुंद असल्यामुळे, दर्शनी फळी जितकी ओढावी तितकी खुंट्यांत ती अधिकच अडकते. तिचा तिरपेपणा मात्र बेताचा हवा. नरम लाकडात सहास एक व कठीण लाकडात आठास एक, असा सर्वसाधारण प्रघात आहे. तिरपेपणा फार झाला तर शेपटीचे कोपरे ठिसूळ होऊन तुटतात. फार कमी झाला तर पकडच उरत नाही.

हे ज्ञान मला पुस्तकात मिळाले नाही. गिरगावातील आमची चाळ पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली, तेव्हा वडिलांचे लिहिण्याचे मेज भंगारात निघाले होते. त्याच्या खणाची एक बाजू वाळवीने पोखरली होती. भुशाच्या पाट्यांचे नवे मेज हल्ली घरपोच येते, असे मुलांचे म्हणणे. परंतु ज्या मेजावर वडिलांनी आयुष्यभर जमाखर्च लिहिला, ते मोडीत काढण्यास मन होईना. जन्मभर खडू धरलेल्या हातात मी करवत धरली.

जुन्या खुंट्या पट्टीने मोजल्या, आकडे कागदावर मांडले आणि त्याबरहुकूम नव्या फळीला शेपट्या कापल्या. प्रत्येक ठिकाणी पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली. ती सरस व भुसा कालवून बुजवली. दोन महिन्यांत भर गळून पडली व कोपरा डुगडुगू लागला. तेव्हा खण काखोटीस मारून मी लालबागच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कोपऱ्यावर नख फिरवले आणि म्हणाले, "मास्तर, ही फट बुजवलीत, सांधा केला नाहीत. पट्टी खिशात ठेवा. जुनी फळी हेच माप."

त्यांनी जुनी दर्शनी फळी नव्या फळीच्या आतल्या अंगावर उभी धरली व खुंट्यांच्या कडेने टोकदार सुरीने रेघा ओढविल्या. दुसरा भाग नेहमी पहिल्यावरून आखावयाचा, पुन्हा मोजावयाचा नाही. मूळ कारागिराची एखादी खुंटी वाकडी असली, तर तो वाकडेपणाही नव्या फळीत उतरतो. म्हणूनच जोड जमतो. करवत रेघेवर नव्हे, तर रेघेलगत टाकाऊ बाजूने चालवावी. पटाशीने निम्मे लाकूड एका अंगाने व उरलेले दुसऱ्या अंगाने काढावे, नाही तर पलीकडची कड चिरफाळते. बसवताना जेथे घासून चकाकी येते, तेथेच तासावे. मोगरीचा जोर केला तर फळी फुटते.

मुंबईच्या पावसाळ्याची मला भीती होती. मिस्त्रींनी तिचेही निरसन केले. ओलाव्याने लाकूड मुख्यतः रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. खणाच्या कोपऱ्यात दोन्ही फळ्यांचे तंतू आडवे असल्यामुळे त्या एकाच दिशेने, बरोबरच फुगतात व सांध्यास ताण पडत नाही. फक्त खणाच्या वर थोडी जागा मोकळी सोडावी लागते; ती नसली की आषाढात खण अडून बसतो.

काम चालू असता जुन्या फळीच्या आतल्या बाजूस मला बारीक ओरखडे दिसले. त्या अनोळखी सुताराने आखलेल्याच त्या रेघा होत्या. कोणी पाहणार नाही अशा जागीही एक रेघ चुकलेली नव्हती. विद्यार्थ्यांना इतकी वर्षे 'पुन्हा लिहा' असे सांगणाऱ्या माझी मान खाली गेली आणि मी शेपट्या पुन्हा, नव्या फळीवर, कापल्या.

खण आता रोज वापरात आहे. दोन पावसाळे त्याने काढले. त्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी फट अद्याप आहे. ती मी बुजवलेली नाही.