दार घट्ट, हवा खेळती
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात दाराच्या फटीवर कसलं भाषण, असं काहींना वाटेल. पण नोकरीभर मी पंखे आणि डक्टचंच काम केलं. शिवाय हल्ली रीडेव्हलपमेंटच्या गप्पांत ‘ग्रीन बिल्डिंग’ येतंच. म्हणून थोडं बोलतो.

नाशिकची थंडी सुरू झाली की आपण मुख्य दाराखाली पायपुसणं सरकवतो. त्या फटीतून थंडीबरोबर समोरच्यांची फोडणी, सिगारेटचा धूर आणि जिन्यातला आवाजही येतो. आग लागली तर धूरही तिथूनच शिरतो. म्हणून अमेरिकेच्या ‘लीड’ या हरित मानांकनात पॅसेजकडच्या दारांना पट्टी लावून फट बुजवायला सांगितलंय. प्रत्येक फ्लॅटची हवा वेगळी राहावी, हा हेतू.

मग सगळं सील करून टाकायचं? जरा हिशेब करू. ६० चौरस मीटरचा फ्लॅट, उंची ३ मीटर, म्हणजे घरात १८० घनमीटर हवा. चिमणीच्या खोक्यावर ताशी १२०० घनमीटर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात निम्मी ओढली तरी तासाभरात घरातली हवा तीनदा बाहेर जाते. जेवढी गेली तेवढी आत यायलाच हवी. खिडक्या बंद, दार सील. मग ती बाथरूमच्या जाळीतून येते, वासासकट. घरात दाब फक्त १० पास्कलने उतरला, तरी दोन चौरस मीटरच्या दारावर सुमारे दोन किलोचा भार येतो. कडी काढताच दार आत ढकललं जातं ते यामुळेच.

खरा धोका गॅस गीझरचा. बंद बाथरूममध्ये ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. घरात हवेची ओढ असेल तर पाइपातून बाहेर जाणारा धूरही उलटा आत येऊ शकतो.

तेव्हा एवढं करा. दाराला पट्टी जरूर लावा, पण चिमणी चालू असताना एक खिडकी उघडी ठेवा. गॅस गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. परीक्षा घरचीच: चिमणी लावून दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत वळला, तर घर हवा मागतंय.

आपल्या देशाच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्येही उघडणाऱ्या खिडक्यांचं किमान प्रमाण ठरवून दिलंय. उद्या बिल्डर नकाशा घेऊन येईल, तेव्हा पार्किंगइतक्याच आग्रहाने विचारा, “दारं घट्ट करताय, ताजी हवा कुठून देणार?”