हसू कोणाचे, हसे कोणाचे
(भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्या विनोदात बायको आहे, सासू आहे, शिकलेली सून आहे. आणि हसे बहुधा त्यांचेच होते. हे हसे उलट दिशेला फिरवणाऱ्या एका दिग्दर्शिकेविषयी मी बोलणार आहे: मुंबईच्या पारोमिता व्होरा. त्यांचे माहितीपट हिंदी-इंग्रजीत आहेत, तरी मला त्यांचे नाते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्याशी जुळताना दिसते. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिताना ताराबाईंनी युक्तिवादाइतकाच उपरोधही हाताशी धरला होता.

‘अनलिमिटेड गर्ल्स’ (२००२) मध्ये ‘फिअरलेस’ नावाची निवेदिका स्त्रीवाद्यांच्या चॅटरूममध्ये शिरते आणि भाबडे वाटणारे प्रश्न विचारत सुटते. तीच शंका काढते म्हटल्यावर प्रेक्षकालाही आपली शंका बोलून दाखवायला संकोच वाटत नाही. २००७ च्या माहितीपटात मेरठच्या बागेत पोलिसांनी कॅमेऱ्यांसमोर जोडप्यांना मारहाण केल्याची घटना आहे. विषय संतापाचा, पण थाट स्टेशनवर विकल्या जाणाऱ्या ‘मनोहर कहानियाँ’चा, शीर्षकातच ‘एक मनोहर कहानी’ आहे. नीतीच्या नावाखाली वाहिन्या काय विकतात, ते त्या थाटातूनच कळते.

‘क्यू टू पी’ (२००६) चा प्रश्न तर अगदी साधा: शांघाय होऊ पाहणाऱ्या मुंबईत बायकांनी लघवीला जायचे कुठे? शीर्षक नुसते उच्चारले तरी रांगेत ताटकळणारी बाई डोळ्यांपुढे येते.

हा माहितीपट मी वर्गात दाखवला. मुली लगेच हसल्या, मुले जरा उशिरा. मग एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मी तर कॉलेजात पाणीच पीत नाही.” मला माझी पहिली नोकरी आठवली. तिथे स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असे आणि किल्ली कारकुनाच्या टेबलावर, चारचौघांत. तीन वर्षांत मी ती एकदाही मागितली नाही. सकाळचा चहा तेवढा सोडला.

विनोदाने प्रश्नाचे गांभीर्य जाते, असा आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव वेगळा आहे. वर्ग हसला नसता, तर ती मुलगी बोलली नसती. आणि साहित्याच्या या व्यासपीठावरून, तिशीहून अधिक वर्षे उशिरा का होईना, मीही त्या किल्लीची गोष्ट सांगितली नसती.